वासाचे डोहाळे

“मग बाटलीवर लिवलंय ते खोटं हाय का? काल तूच सांगितलंस ना?” ठकूबाईंनी सुनेचा पांढरा एप्रन काखेत आणखी घट्ट दाबला.

“खोटं नाही, आई. पण तसं सरळ लिहिलेलं नाहीये. ‘शक्यता’ असं लिहिलंय.”

“शक्यता मंजे?”

समीक्षा गोंधळली. “म्हणजे, होऊ शकतं. किंवा नाहीही होणार.”

“आवो, ऐकलं का? तीन वर्सं शिकली पोरगी, आन् सांगतेय काय, तर होईल बी आन् नाय बी होनार!”

धर्माजी दाराशी खुर्ची टाकून चहा पीत होते. “डॉक्टर पन असंच सांगतो,” ते म्हणाले. “त्याला तू हात जोडतेस.”

“तुमी तिला चढवू नका. पाचवा संपला तिला. पोटातल्या पोराला अपाय करनारी बाटली त्या लॅबमदे हाय, हे ती सोताच्या तोंडानं बोलली. आन् वर म्हनते उद्या जाते.”

“उद्या परीक्षा आहे, आई. प्रॅक्टिकलची. नाही गेले तर वर्ष जातं.”

“जाऊ दे. वर्स परत येतंय.”

“मूल झाल्यावर परत कोण जातं?”

ठकूबाईंना याचं उत्तर होतं, पण ते त्यांनी दिलं नाही. ते असं होतं की, नाही गेलं कुणी तर काय बिघडतं? हे धर्माजींसमोर बोलण्यात अर्थ नव्हता. सून बी.एस्सी. होणार हे त्यांनी भिसेगावात अर्ध्या जणांना सांगून ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्यांना विहारात सांगितलं होतं. घाटातल्या रुळांवर जन्मभर गँगमन म्हणून हातोडा मारला. आता या घरात पांढरा कोट घालणारं एक माणूस यायला हवं, एवढी त्यांची इच्छा होती. समीक्षाला बघायला गेले तेव्हा अट घातली तीही त्यांनीच. लोक लग्नाआधी शिक्षण बंद करायची अट घालतात, धर्माजींनी शेवटचं वर्ष पूर्ण करायची घातली.

“रुपेश,” ठकूबाई मुलाकडे वळल्या, “तू बोल काय तरी. तुजं हाय ते पोर.”

रुपेशची त्या दिवशी कंपनीची सुट्टी होती. तो खाली बसून भाकरी खात होता. घास गिळून म्हणाला, “मी काय बोलू? तिलाच म्हाईत सगळं. तीच केमिस्ट्रीची.”

“हो, पण मला...” समीक्षा बोलता बोलता थांबली.

ठकूबाईंनी एप्रनची घडी घातली, तो पत्र्याच्या पेटीत टाकला, झाकण लावलं आणि तांदळाचं सूप घेऊन त्या पेटीवरच निवडायला बसल्या. त्यांच्या बाजूने भांडण संपलं होतं.

समीक्षा मूळची चौक गावची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे हल्ली मोटरसायकलींचे पंक्चरही काढतात. तिने केमिस्ट्री का घेतली, याला बारावीत त्या विषयात जास्त मार्क पडले यापलीकडे कारण नव्हतं. पुढे काय होणार, हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. वडील म्हणायचे, शाळेत शिक्षिका. मामा म्हणायचा, हायवेला एवढ्या कंपन्या आहेत, लॅबमध्ये लागेल. प्लांटवर नाही, लॅबमध्ये, एसीत. ती मान हलवायची. दोन्ही तिला खरं वाटायचं आणि दोन्हीत ती स्वतः दिसायची नाही.

विषयानेही तिला कधी पाय टेकू दिला नाही. दहावीत इलेक्ट्रॉन ग्रहासारखा गोल फिरायचा. अकरावीत सांगितलं की तो तसा फिरत नाही, तो ढगासारखा असतो. खोपोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रिया मॅडम म्हणाल्या, ढगबिग विसरा, तो अमुक ठिकाणी सापडण्याची शक्यता असते, बस. समीक्षाने तेही वहीत उतरवून घेतलं आणि पेपरात बरोबर लिहिलं. पण गाडीतून घरी येताना तिला वाटायचं, पुढच्या वर्षी हेही खोटं आहे म्हणून सांगतील. दर वर्षी मागल्या वर्षाचं पुसायचं आणि दर वर्षी मार्क मात्र चांगले पडायचे. मैत्रिणी तिला शंका विचारायच्या, ती समजावून सांगायची, त्यांना कळायचं. आपल्याला न कळलेलं दुसऱ्याला कळेल असं सांगता येतं, याचं तिला नवल वाटायचं.

हात मात्र तिचा चांगला होता. ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब सोडताना कुठे थांबायचं, ते तिला बघताक्षणी कळायचं. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. इतरांचा गडद व्हायचा, तिचा कधी झाला नाही.

लग्नानंतर ती भिसेगावात आली. रुपेश खोपोलीला रंगाच्या कंपनीत मिक्सिंगवर होता. सुरुवातीला तो तिला मोटरसायकलवरून कॉलेजात सोडायचा. दिवस राहिल्यावर ठकूबाईंनी मोटरसायकल बंद केली, मग ती खोपोलीच्या लोकलने जाऊ लागली. पळसदरीला खिडकीतून वारा यायचा तेवढा वेळ मळमळ थांबायची.

तिसऱ्या महिन्यापासून ठकूबाई डोहाळे विचारायला लागल्या.

“काय खाऊशी वाटतं गं? कैरी? चिंच? सुकट आनू?”

“काही नाही, आई.”

“काय तरी असनारच. लपवू नको. डोहाळे पुरवले नाय तर पोराचे कान फुटतात.”

“खरंच काही नाही.”

खरं तर होतं. पण ते खाण्याचं नव्हतं, आणि सांगण्यासारखं तर मुळीच नव्हतं.

रुपेश कामावरून आला की कंपनीचा निळा शर्ट-पँट मोरीतल्या खिळ्याला अडकवायचा. ती सकाळी तो धुवायला घ्यायची. त्याला एक वास असायचा. गोडसर आणि तिखट, नाकातून थेट कपाळात जाणारा, नेलपॉलिशच्या जरा अलीकडचा. पहिले काही महिने त्या वासाने तिचं डोकं धरायचं. मग एके दिवशी तोच वास तिला हवाहवासा वाटू लागला. बादलीत बुडवायच्या आधी ती शर्ट नाकाशी धरायची. तोंडात पाणी सुटायचं, पोटातली ढवळ बसायची. एकदा बुडवलेला शर्ट तिने परत वर काढला. ओल्या कपड्याचा वास कमी झाला होता, तिला रडू आलं.

ठकूबाईंनी हे एकदा पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि शेजारच्या जागृतीला हाक मारून म्हणाल्या, “आमच्या सुनेला नवऱ्याची लई आठवन येते गं, शर्टाचे मुके घेते.”

समीक्षाने लाजून मान खाली घातली. पण मनातून तिला बरं वाटलं. पाहून ठरवलेलं लग्न. प्रेम झालं की नाही, कधी झालं, ते कसं ओळखायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. रुपेश बरा होता. ओरडायचा नाही, परीक्षेच्या दिवसांत भांडी घासायचा. पण तो समोर आला की छातीत काही होतं, असं नव्हतं. त्याच्या शर्टाने मात्र व्हायचं. मग हेच असेल, असं तिने धरून चालायचं ठरवलं.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये सरावाचं प्रॅक्टिकल होतं. दोन द्रव एकत्र करून दिलेले असतात, ते वेगळे करायचे आणि कोणते ते ओळखायचे. समीक्षाच्या शेजारी नेहमीप्रमाणे लायबा होती. लायबा शिळफाट्याची, बोलायला फटकळ, कामाला घाईची. तिने टेबलावरची तपकिरी बाटली पुढे सरकवली. “हे घे, आधी यातलं बघून ठेव, म्हणजे नंतर ओळखू येईल.”

समीक्षाने झाकण काढलं आणि तिच्या मोरीतला खिळा, निळा शर्ट, बादली, सगळं त्या टेबलावर आलं. रुपेश मागे येऊन उभा राहिला की काय, म्हणून तिने वळूनसुद्धा पाहिलं. मग ती बाटलीवर वाकली.

“ए बाई! नाक काय घालतेस आत?” लायबाने तिचा खांदा मागे ओढला. “हाताने वारा घ्यायचा, एफवायपासून सांगतायत. टोल्यूइन आहे ते, अत्तर नाही.”

“लायबा, रंगाच्या थिनरमध्ये काय असतं?”

“हेच की. हे आणि असलंच अजून दोन-चार. का गं? घराला रंग काढताय?”

समीक्षाने बाटली फिरवून लेबल पाहिलं. लाल चौकटीत काळा माणूस, त्याच्या छातीवर चांदणीसारखी पांढरी चीर. तीन वर्षं ती असली चित्रं पाहत आली होती, परीक्षेला येत नाहीत म्हणून कधी वाचली नव्हती. खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की, गर्भातल्या बाळाला अपाय होण्याची शक्यता आहे. तिने ते पुन्हा वाचलं आणि झाकण इतकं घट्ट लावलं की नंतर लायबाला ते उघडेना.

आपण रोज सकाळी हुंगत होतो ते हे होतं. मग तो नवरा नव्हता? की दोन्ही होतं? याचं वेगळं करायचं प्रॅक्टिकल कुठे असतं?

ती प्रिया मॅडमकडे गेली. मॅडमनी चष्मा वर सरकवला. “अगं, मी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी याच लॅबमध्ये उभी होते. काही झालं नाही. पण म्हणून ये, असं मी तुला म्हणणार नाही. आणि येऊ नकोस म्हटलं तर तुझं वर्ष जातं. तू घरी विचार.”

“पण मॅडम, किती घेतलं की अपाय होतो?”

“ते कुणाला नेमकं सांगता येतं? कमीत कमी घ्यावं. खिडकीजवळ उभी राहा. तुला कळतंय की सगळं, तू हुशार आहेस.”

मग ती कर्जतला तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाईंनी तिच्या पोटावरचा हात न काढता विचारलं, “काय शिकता?”

“टीवाय बी.एस्सी. केमिस्ट्री.”

“मग हे तुम्ही मला सांगायचं!” बाई हसल्या. “हवेशीर ठिकाणी बसा. उग्र वासापासून लांब राहा. बाळ छान आहे.”

काल संध्याकाळी तिने घरी सांगितलं. अर्धंच. लॅबमध्ये अशी एक बाटली आहे, तिच्यावर असं लिहिलंय, आता काय करू? शर्टाचं बोलली नाही. बोलली असती तर ते मुक्यांचंही सांगावं लागलं असतं.

आणि त्या अर्ध्यावर आज सकाळी एप्रन पेटीत गेला होता.

जेवणं झाली. धर्माजी खुर्चीतच पेंगले. रुपेश बाहेर मोटरसायकल पुसत होता. ठकूबाई पेटीवरून उठल्या, पण पेटी नजरेसमोर राहील अशा बेताने मोरीच्या तोंडाशी पाट घेऊन बसल्या. सातव्या महिन्यात समीक्षाची ओटी भरायची होती. येणाऱ्या बायकांना द्यायला त्यांनी आत्तापासूनच स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्या होत्या. प्रत्येक वाटीच्या बुडाला कागदाचं लेबल डकवलेलं होतं, आणि ही लेबलं नखाने निघत नाहीत, हे घरातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

ठकूबाईंनी मोरीतल्या कोनाड्यातून प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतली. आत पाण्यासारखंच काहीतरी, अर्ध्याच्या खाली. रुपेश कंपनीतून आणायचा. हाताचा रंग त्याने जायचा, शर्टावरचे डाग जायचे, टिकलीचा डिंक, खिडकीच्या गजाचा चिकटा, मागल्या वर्षी भिंतीवर शेजारच्या पोरांनी काढलेली चित्रं, सगळं जायचं.

“ये गं,” ठकूबाई म्हणाल्या. सकाळचा राग त्यांनी बाजूला ठेवला होता. “बसून कर. हलकं काम हाय. मी फडकं भिजवून देते, तू पुस.”

समीक्षा बसली. ठकूबाईंनी झाकण काढलं. वास आला.

तिने फडकं हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवायला हवं होतं, पण ठेवलं नाही. तोंडात पाणी सुटलं. पोटातलं सगळं शांत झालं. आठवडाभर तिने शर्ट नाकाशी नेला नव्हता, हात लांब करून धूत होती, आणि तो आठवडा कसा गेला हे तिलाच ठाऊक होतं. एक लेबल विरघळून निघालं. दुसरं निघालं. मग पोटात बाळ हललं. नेहमीसारखंच हललं असेल, पण तिने फडकं टाकलं.

“आई, हीच ती बाटली.”

“कंची?”

“कॉलेजातली. म्हणजे कॉलेजातली वेगळी आहे, पण आत हेच आहे. ज्याच्यावर ते लिहिलंय ना, ते यात आहे.”

ठकूबाईंचा हात वाटीवर थांबला. “ही तर आपली थिनरची बाटली.”

“हो.”

“ही तर रुपेश कामाला लागला तवापासून हाय घरात. मी हिनं सगळं पुसते. मला काय झालं?”

“काही नाही झालं.”

“मग?”

“मग कॉलेजातल्या बाटलीने तरी का होईल?” समीक्षा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच दिसलं की हे वाक्य उलटंही फिरतं. “आणि तिच्याने होणार असेल, तर हिच्यानेही होणार.”

ठकूबाईंनी बाटली चटकन जमिनीवर ठेवली आणि हात पदराला पुसला. मग पदराकडे पाहिलं. “रुपेश! आत ये. आवो, तुमी बी उठा.”

रुपेश ओलं फडकं हातात घेऊनच आत आला. ठकूबाईंनी त्याला सगळं एका दमात सांगितलं. तो हसला.

“आये, प्लांटमदे आमी दिवसभर याच्यातच असतो. ड्रमच्या ड्रम. मी मेलो का?”

“तुझं डोकं दुखतं,” समीक्षा म्हणाली. सासू-सासऱ्यांसमोर ती त्याला अहो-जाहो करायची, आज ते राहून गेलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

“ते उनानं.”

“सुट्टीच्या दिवशी नाही दुखत. आज दुखलं?”

रुपेशने आजचा दिवस आठवून पाहिला. मग त्याला राग आला. “मंजे काय? नोकरी सोडू मी? तसं सांग ना. वाईट हाय का नाय ते एकदा सांग, मंजे कळेल तरी. तूच केमिस्ट्रीची ना?”

“मला माहीत नाही.”

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच हे असं सरळ बोलत होती. पेपरात असं लिहिता येत नाही.

“मला बाटलीवरचं वाचता येतं,” ती म्हणाली. “त्याचं सूत्र लिहिता येतं, ते किती डिग्रीला उकळतं ते सांगता येतं. आपल्याला काय होणार, ते नाही सांगता येत. मॅडमनाही नाही, डॉक्टरांनाही नाही. त्या म्हणतात, तुलाच कळायला हवं.”

धर्माजी खुर्चीतून उठून आले होते. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली, जणू आत काही तरंगताना दिसेल. दिसलं नाही. त्यांनी ती परत ठेवली.

ठकूबाई बोलू लागल्या. वाट्यांकडे बघत.

“रुपेशच्या आदी एक झालं मला. पोरगी. झाली नि गेली. तवा यांची नोकरी कायम नव्हती. मी इटांच्या भट्टीवर जायचे. सातव्यापर्यंत गेले. धूर नुसता, डोळं उगडत नव्हतं. तवा कुटं काय लिवलेलं नव्हतं.”

रुपेशला हे ठाऊक नव्हतं. तो आईकडे पाहतच राहिला. धर्माजी भिंतीकडे पाहत होते.

“मला वल्या बोंबलाचं कालवन खाऊशी वाटलं होतं,” ठकूबाई म्हणाल्या. “लई वाटलं होतं. हिकडं वला बोंबील कुटला? मिळाला नाय. मग बाया म्हनल्या, डोहाळे पुरवले नाय म्हनून गेली पोर. माझी सासू पन तेच म्हनली. मी पन तेच धरून बसले.” त्यांनी मान वर केली. “खरं काय गं, समीक्षा? धूर का बोंबील?”

समीक्षाला वाटलं, बोंबील नव्हता असं तरी आपण ठामपणे म्हणू शकतो. तेवढं तर नक्की. पण मग धूर उरला, आणि धुरात ठकूबाई स्वतःच्या पायांनी गेल्या होत्या. बोंबील न मिळणं हा निदान कुणाचा दोष नव्हता.

“बोंबलाने नाही, आई,” ती म्हणाली. “बाकीचं मला माहीत नाही.”

ठकूबाईंनी डोकं हलवलं. त्यांना पटलं की नाही, ते कळलं नाही. मग त्यांनी एकदम विचारलं, “तुला कसले डोहाळे हायत ते सांग. आता लपवू नको. मी विचारून विचारून दमले.”

समीक्षाने रुपेशकडे पाहिलं, मग खाली. “वासाचे.”

“कसल्या वासाचे?”

“याच्याच.” तिने बाटलीकडे बोट केलं. “यांच्या शर्टाचा. तुम्ही म्हणालात ना मुके घेते. ते हे होतं.”

रुपेशचं तोंड उघडं राहिलं. शेजारी-पाजारी ती मुक्यांची गोष्ट फिरून त्याच्या कानावर आली होती आणि तो आठवडाभर त्या आनंदात होता. आता तो बाटलीकडे अशा नजरेने पाहू लागला की धर्माजींना तशातही हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

“फक्त तेच?” रुपेशने हळूच विचारलं.

“ते पण मला माहीत नाही,” समीक्षा म्हणाली. “आधी वास जाऊ दे, मग सांगते.”

ठकूबाईंचं लक्ष या दोघांकडे नव्हतं. त्या त्यांच्याच कोड्यात होत्या. डोहाळे पुरवायचे तर पोराला अपाय, असं बाटली सांगते. न पुरवायचे तर पोराला अपाय, असं सगळ्या बाया सांगतात. एकदा त्यांनी झाकण लावलं. मग, निदान एकदा तरी, असं पुटपुटत अर्धं उघडलं. मग परत लावलं.

“मंजे मी करू तरी काय गं?” त्या कुणालाच न उद्देशून म्हणाल्या. “हुंगाया देऊ का नको देऊ?”

बाहेर खोपोलीची गाडी स्टेशनातून निघाल्याचा भोंगा झाला. उद्या सकाळी याच आवाजाच्या आधी फलाटावर असायला हवं होतं. समीक्षाला वाटलं, अजून कुणीतरी एक माणूस असेल, कुठल्यातरी खुर्चीत बसलेला, ज्याला हे नेमकं माहीत असेल. मग तिला वाटलं, नसेलही. ज्या माणसाने लेबलावर ‘शक्यता’ लिहिलं, त्यालाही यापेक्षा जास्त माहीत नसणार. माहीत असतं तर त्याने तो शब्द लिहिला नसता.

ती भिंतीला धरून उठली. ठकूबाईंच्या हातातून बाटली घेतली, झाकण पिळून बसवलं, दाराबाहेर जाऊन मोटरसायकलच्या पलीकडे कुंपणाशी ठेवून आली. हात साबणाने धुतले. मग पेटी उघडली, एप्रन काढला आणि झटकून खांद्यावर टाकला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. तिला कसंसंच झालं.

धर्माजी तिच्याकडे पाहत होते. “मग पोरी,” ते म्हणाले, “करायचं काय?”

“उद्या मी परीक्षेला जाते,” समीक्षा म्हणाली. “खिडकीजवळचं टेबल मागून घेईन, ती बाटली लायबा ओतेल, मी लांबून बघेन. आणि कंपनीचे कपडे आजपासून या घरात येणार नाहीत. ते तिथेच बदलायचे, तिथेच धुवायचे. थिनर परत आणायचं नाही. वाट्यांची लेबलं राहू देत, तशाच वाटू.”